खळ लावलेली दोन पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं तो माझा दादा — त्याला जाऊन सतरा दिवस झाले.

नारायणगुड्यात आमचं मराठी पुस्तकांचं प्रकाशन होतं. घरचंच. आमचे वडील, अण्णा, छापायचे; आलेली हस्तलिखितं दादा आणि मी वाचायचो. अण्णांचा नियम एकच — लेखक नवखा असो की नावाजलेला, शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय काही परत जायचं नाही. सोबतच्या छापील चिठ्ठीतही तेच असायचं : ‘आपले लेखन आम्ही संपूर्ण वाचले.’

मग राज्यांची फेररचना झाली. मराठवाडा आमच्या राज्यातून सुटून मराठी मुलखात गेला, आमचे वाचकही गेले. दादा म्हणायचा, आपणही औरंगाबादला जाऊ. अण्णांना ते लागायचं. राज्य गेलं तरी शब्द राहिलाय ना, म्हणायचे.

त्याच दिवसांत नांदेडकडच्या एक शिक्षिका दुकानात आल्या. आम्ही परत पाठवलेली कादंबरी त्यांनी टेबलावर ठेवली. मधली दोन पानं त्यांनी कडेला खळ लावून हलकीशी चिकटवली होती. ती तशीच होती.

“बाकीचे वाचत नाहीत हे ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडं वाचतात, असं ऐकलं होतं.”

अण्णांनी दादाकडे पाहिलं. “मधू, तुझं सगळं ध्यान औरंगाबादला. पानं कशाला उघडशील तू?”

दादा गोंधळला. “इतकी बाडं येतात, अण्णा... माझ्याकडूनच झालं असेल.”

मी शेजारी उभी होते, हातात सुतळी धरून. किती शब्द लागले असते? दोनच ना? मी गाठ मारत राहिले.

दादाचं वाचन बंद झालं. तो गोदाम सांभाळू लागला. अण्णांच्या पश्चात पुन्हा वाचायला बसला, तेव्हा प्रत्येक पान बोटाने सोडवून पाहायचा. त्या बाईंना त्याने चार पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. नव्या लेखकांना तो हसत सांगायचा, “एकदा मी न वाचता परत केलंय हां, तुम्ही बेलाशक खळ लावा.” ते हसायचे. मीही हसायचे — चहा देता देता.

शेवटच्या आजारात त्याने विचारलं, “त्या बाईंनी पुन्हा लिहिलं असेल का गं?”

“असेल की,” मी म्हणाले.

खोलीत आम्ही दोघंच होतो. तेव्हाही नाही सांगितलं.

त्या बाईंचं बाड वाचायला माझ्याकडे आलं होतं. मैत्रिणींबरोबर अफझलगंजच्या वाचनालयात जायची घाई होती — दुसऱ्यांची पुस्तकं वाचायला. मी पहिलं पान पाहिलं, चिठ्ठी जोडली आणि सुतळी बांधली. कादंबरी कशावर होती, हे मला आजही माहीत नाही.