बाबा, वळ्ळीअम्मा आणि सात कोंबड्या

माझे बाबा शेवटचे सहा महिने एकच शब्द बोलले.

"आत्ता."

भूक लागली, आत्ता. पंखा बंद कर, आत्ता. दारात कोण आलंय, आत्ता.

एसटीत ड्रायव्हर होते. गाडीत, घरात, बाजारात अखंड बोलणारा माणूस. आई गेल्यावर कराडजवळच्या गावी एकटेच राहायचे. दोन हजार सात सालच्या ऑगस्टमध्ये पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली.

डोकं शाबूत होतं. त्यांना सगळं कळायचं. तोंडातून फक्त तेवढाच शब्द यायचा.

मी एकुलती एक. नोकरी चेन्नईत, पेरुंगुडीला. त्यांना घेऊन आले.

तांबरमच्या पुढे तळमजल्याचं घर बघितलं, मागे मोकळी जागा होती म्हणून. स्पीच थेरपिस्ट यायची. चांगली मुलगी होती, पण तिची चित्रांची कार्डं तमिळमध्ये. मग मी रोज संध्याकाळी मराठी कार्डं करायला लागले. घर. कमळ. बस.

बसच्या चित्राकडे बाबा खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आत्ता." आणि रडायला लागले.

ते कार्ड मी परत काढलं नाही.

शेजारी वळ्ळीअम्मा राहायच्या. साठीच्या, एकट्या. मागच्या जागेत त्यांची भाजी आणि सात गावठी कोंबड्या. मी ऑफिसला गेले की बाबांकडे बघायचं त्यांनी कबूल केलं होतं.

पहिल्याच दिवशी त्या डबा घेऊन आल्या आणि बाबा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "आत्ता."

वळ्ळीअम्मा दारातच थांबल्या.

तमिळमध्ये खेड्याकडे आईला आत्ता म्हणतात. हे मला त्यांनीच सांगितलं. मग विचारलं, तुमच्यातही आईला असंच म्हणतात का?

मी हो म्हणाले.

चक्क खोटं बोलले. अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

पाऊस संपला. चेन्नईचा हिवाळा म्हणजे पहाटे पंखा एकवर ठेवायचा, बस. पण बाबांनी गावाकडची माकडटोपी सोडली नाही. ती घालून ते मागे खुर्ची टाकून बसायचे. हळूहळू खुर्चीवरून खाली उतरले, डाव्या हातात खुरपं धरायला शिकले. वाफे वळ्ळीअम्मा करायच्या, पाणी बाबा घालायचे. वांगी, मिरची, मुळा, दोन प्रकारच्या पालेभाज्या. कोंबड्या सतत त्यांच्या पायांत.

एकदा लवकर घरी आले तर दोघांचं भांडण चाललं होतं. एक कोंबडी खुडूक झालेली. वळ्ळीअम्मा बोटांवर सांगत होत्या, उबवायला तिच्याखाली नऊ अंडी ठेवू. बाबांनी पंजा दोनदा दाखवला आणि वर एक बोट. अकरा. त्या तमिळमधून रागवत होत्या, हे "आत्ता, आत्ता" करत होते.

शेवटी अकरा ठेवली. आठ पिल्लं निघाली.

खरं सांगू? मला हेवा वाटायचा. माझी भाषा, माझे वडील, आणि मला अर्ध्या गोष्टी कळायच्या नाहीत. त्या बाईला कळायच्या.

जानेवारीत कोंबड्यांत रोग आला. माना वाकड्या व्हायच्या, पाय लुळे पडायचे. आधी पिल्लं गेली. मग मोठ्या. बाबा दिवसभर एकेकीला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजायचे. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, स्पीकरवर. ते हिंदीत म्हणाले, लस आधी द्यायला हवी होती मॅडम, आता काही करता येणार नाही.

मी फोन ठेवला. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, हिंदी कळत होती त्यांना.

सातातल्या दोन वाचल्या.

फेब्रुवारीतला एक रविवार. दुपारचं जेवण झालं होतं. बाबा पलंगावर उठून बसले आणि म्हणाले, "आत्ता."

मी पाणी दिलं. नको. बाथरूम? नको. खिडकी उघडली. गोळ्यांचा डबा दाखवला. दुखतंय का, कुठे दुखतंय, विचारलं. ते मान हलवत होते आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, दरवेळी जास्त जोरात. डाव्या हाताने माझं मनगट धरलं होतं. गावी आत्याला फोन लावून त्यांच्या कानाला लावला. त्यांनी तो बाजूला सारला. त्यांच्या हातात पेन दिलं. कागदावर नुसत्या रेघोट्या उमटल्या.

वळ्ळीअम्मांना बोलावलं. मला वाटलं, त्यांना नक्की कळेल.

त्या समोर बसल्या, त्यांनी ऐकलं, बाहेर जाऊन भाजी बघून आल्या, कोंबडी आणून दाखवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तेरियले, मा." कळत नाही गं.

तासभर हे चाललं. मी रडायला लागले. म्हटलं, "बाबा, मला नाही हो कळत."

तेव्हा ते थांबले. माझं मनगट सोडलं. आणि राहू दे, असा हात केला.

लहानपणी मी एखाद्या खेळण्यासाठी हट्ट करून दमले की मीच तसा हात करायचे, असं आई सांगायची.

संध्याकाळी वरणभात खाल्ला. मागे जाऊन वांग्यांना पाणी घातलं.

मंगळवारी मी ऑफिसात असताना दुसरा झटका आला. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. वळ्ळीअम्मा उशाशी बसल्या होत्या.

त्या रविवारी त्यांना काय सांगायचं होतं?

आत्या म्हणते, गावाला जायचं असेल. पुढे माझं लग्न झालं; नवरा म्हणतो, तुला थँक्यू म्हणायचं असेल. कदाचित नुसती पाठ खाजवत असेल, आणि मी कागद-पेन देत बसले.

खूप विचार केला. अजून करते. उत्तर मिळत नाही, आणि आता ते कोणाला विचारणार.

बाबा, मी सगळं करून बघितलं हो. मला नाही कळलं.

आज तुमच्या स्मृतिदिनी तुमच्या लेकीची ही श्रद्धांजली.