हिराबाईचा आवाज

नातवंडांनो, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुमच्या आईलाही नाही. लिहायला बसले की संताप येतो — स्वतःचा, आणि थोडा तुमचाही. तुमचा का? उगाच. तुम्ही काही मागितलं नव्हतं.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर शहापूरच्या एका संस्थेची हेल्पलाइन मी उभी केली, हे तुम्हाला माहीत आहे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून इंटरनेटवर फोन यायचे. कुठलं औषध कुठल्या दवाखान्यात आहे, ते आम्ही सांगायचो. अशा फोनमध्ये दोन्हीकडचा आवाज मधल्या एका सॉफ्टवेअरमधून जातो. एका वेळी शेकडो फोन आले तरी आवाज पुढे पोचवत राहायचं, एवढंच त्याचं काम. ते मी निवडायचं होतं. संस्थेच्या कमिटीला त्यातलं काही कळत नव्हतं. मी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले की माना डोलायच्या.

दोन सॉफ्टवेअर होती. एक रुक्ष — आवाज घ्यायचा, आवाज द्यायचा, बस्स. दुसऱ्यात व्हिडिओही होता, अगदी स्वच्छ. चाचणीत मी दोन्हींवर खोट्या फोनांचा मारा केला. पहिलं डगमगलं नाही. दुसरं गर्दी वाढताच बिघडलं — फोन जोडलेला, पण आवाज एकाच बाजूने. हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि तेच निवडलं.

का? रविवारी त्याच सॉफ्टवेअरच्या व्हिडिओवर मला तुम्ही दिसायचात, म्हणून. फुकटच्या अ‍ॅपवर तुमचे चेहरे गोठायचे. कमिटीला सांगितलं, "डॉक्टरांना पेशंट दिसेल." कुठला दिसतोय! डोळखांबच्या वरच्या पाड्यांवर धड आवाज पोचायची मारामार. मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

भातलावणीच्या दिवसांत, फोनांची गर्दी असताना, डोळखांबकडच्या हिराबाईच्या नवऱ्याला फुरसं चावलं. तिने फोन केला. आमचं तिला ऐकू जात होतं, तिचं आम्हाला काहीच नाही. सापाच्या विषावरचं इंजेक्शन शहापूरला होतं. ती त्याला मुरबाडच्या बाजूला घेऊन गेली — तिथे नव्हतं — मग उलटी शहापूरला. माणूस वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

नंतर ती ऑफिसात आली, भांडायलाच. "बाई, मी आरडत होते ना! तुमी आपलं हॅलो हॅलोच. सगल्या बहिऱ्या झाल्या का गो?"

आणि मी — सगळ्यांसमोर, शांतपणे — म्हणाले, "हिराबाई, बोलायचं भोक हाताने झाकलं की आवाज जात नाही. फोन नीट धरायचा असतो."

ऑफिसातल्या मुली हसल्या. हिराबाईने फोन उलटसुलट करून पाहिला, मग स्वतःच्या पंजाकडे पाहिलं. इतकं सोपं होतं ते! ज्या बाईचं माझ्यामुळे वाटोळं झालं, तिलाच स्वतःच्या हाताचा संशय घ्यायला लावायचं — त्याला काय म्हणतात? नीचपणा म्हणतात. दुसरा शब्द शोधत बसणार नाही.

पुढे मी सॉफ्टवेअर गुपचूप बदललं, ते पहिलं रुक्षच लावलं. तुम्हाला सांगितलं, कॅमेरा बिघडला. तुम्ही म्हणालात, "ओके, आजी."

हिराबाई अजून फोन करते. परवा म्हणाली, "बाई, आता नीट ऐकू येतं ना? मी दोनच बोटांनी धरते हल्ली. त्या दिवशी माझ्याच हातानं घात केला बघा."

मी म्हणाले, "हो, येतंय ऐकू. बोल."