तेरा ते सात

सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी घालत होते. तेरा ते सात, म्हणजे मधली ओळ तेरा ठिपक्यांची आणि वर-खाली एकेक कमी होत शेवटची सातांची. समोरच्या मालतीकाकू दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आल्या आणि थबकल्या.

"एकटीच्या दाराला एवढी मोठी कशाला गं? चार ठिपके पुरले असते."

"एकटीचं दारही तेवढंच रुंद असतं, काकू," मी म्हटलं.

त्या आत गेल्या. मी हट्टाने सगळे ठिपके मोजले. एकशे सत्तावीस. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण ही मूळ संख्या आहे हे रांगोळी घालताना कधी मनात आलं नव्हतं. सहा-सहाच्या ओळी लावा, सात-सातच्या लावा, नऊ-नऊच्या लावा, दर वेळी एक ठिपका उरणारच. अशा संख्या शेकडो आकडीही असतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी अशी कुणी नाहीच. कितीही पुढे जा, भाग न जाणारी आणखी एक पुढे उभी असते.

भावाकडे राहा, कुणाच्या तरी ओळीत बस, असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलं. भाग जात नाही म्हणजे गणित चुकलं, असंच त्यांना वाटतं.

मी तो उरणारा ठिपका शोधला. तो मधोमध होता. बाकीचे सहाच्या पटीत त्याच्याभोवती कडी करून बसले होते.

पहिली रेघ मी तिथूनच ओढली.