आप्पांच्या फाईलमधला शब्द

गेल्या मंगळवारी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची दवाखान्याची फाईल चाळत बसले होते. ते हुपरीला, मी कोल्हापुरात. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू गेली.

चांदीचे पैंजण करण्यात सगळं आयुष्य गेलेला माणूस. डाव्या हातातल्या चिमट्यानं कडी धरायची, उजव्यानं जोडायची. आता डावा हात मांडीवर नुसता पडलेला असतो, पण विचारलं की म्हणतात, "चालतोय की! सकाळधरनं कामच करतोय न्हवं."

व्यायाम करत नाहीत, एकटेच उठायला बघतात, पडतात... आम्ही सगळे वैतागलो होतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मीच आईला म्हणाले होते.

त्या मंगळवारच्या आदल्या रविवारी तर मी कहर केला. आमच्याकडे नव्या कारागिराचा हात बघायचा तर चौकशा करत नाहीत, सरळ चिमटा देतात. तसाच दोन कामगारांच्या देखत तो आप्पांच्या डाव्या हातात ठेवला आणि म्हटलं, धरून दाखवा.

चिमटा खाली पडला. "तूच नीट दिला न्हाईस," आप्पा म्हणाले. आणि मी ओरडले, "खोटं बोलू नका!" कामगारांनी माना खाली घातल्या...

आणि आता फाईलमध्ये डॉक्टरांच्या अक्षरात हा शब्द. ॲनोसोग्नोशिया. चार महिने तिथेच होता, आम्ही फक्त गोळ्यांची पानं वाचत होतो.

शोधत बसले. शब्द मुळात ग्रीक. सुरुवातीचा 'अन' आपल्यासारखाच, नकाराचा. 'नोसोस' म्हणजे आजार, 'ग्नोसिस' म्हणजे जाणणं, आपल्या 'ज्ञाना'चा लांबचा भाऊ.

आपल्याला आजार आहे हेच न कळणं... मेंदूला मार बसला की असंही होतं म्हणे. आप्पा खोटं बोलतच नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं, हात चालतोय. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुपारच्या एसटीनं हुपरी गाठली. त्याच कामगारांसमोर आप्पांच्या पायाशी बसले आणि माफी मागितली.

आप्पांना कळेचना, कशाची माफी. त्यांनी उजवा हात माझ्या कपाळाला लावून बघितला. "रडतीस का गं? बरं न्हाय का तुला? दवाखान्यात दावून ये की."

मी हो म्हटलं. माफी मागून झाली, पण ती अजून माझ्याकडेच आहे... आप्पांना ती कधी घेता येईल असं वाटत नाही.