अनुकूल, प्रतिकूल आणि आडवी बाटली

माधवनं मला माझ्याच मुद्द्यांनी हरवलं होतं.

आज सकाळी तो गेला. हार्ट अटॅक.

सकाळपासून गावच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडून राहिलेत. "बुलंद आवाज हरपला." "समाजसुधारक गेला."
वाचते आणि फोन उपडा ठेवते.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तो जिवंत असताना मी पंधरा वर्षं त्याच्याशी बोललेच नाही. आता तरी बोलू द्या.

नव्वदीत आम्ही दोघं सेनगावला कॉलेजात. गाव एकच, पुसेगावजवळचं. वादविवाद स्पर्धेला प्रत्येक कॉलेजची टीम दोघांची असायची. एकानं विषयाच्या अनुकूल बोलायचं, दुसऱ्यानं प्रतिकूल. मार्क दोघांचे मिळून आणि फिरती ढालही दोघांची मिळून एकच.

माधवचा आवाज भरदार, चेहरा भोळा. तो अनुकूल.
माझी जीभ तिखट. मी प्रतिकूल.

त्यामुळं जग सुधारायचं सगळं पुण्य त्याच्या वाट्याला. स्त्रीशिक्षण असो, श्रमदान असो, हुंडाबंदी असो, तो बाजूनं आणि मी विरोधात. घरी आले की बाबा विचारायचे,
"आज काय बोलली गं?"
"हुंडा पाह्यजे म्हणून बोलले."
"नंबर आला?"
"पहिला."
"मंग ठीक हाय. पन पाव्हन्यांसमोर नको बोलू."

माधव मला हाकच मारायचा, "ए प्रतिकूल." मी त्याला अनुकूल म्हणायची.

एकदा वाशीमला विषय होता दारूबंदी. ढाल आम्हीच आणली. येताना कनेरगाव नाक्यावर जीप थांबली. ढाब्याच्या बाजेवर ढाल मधे ठेवून आम्ही चहा घेतला. त्या दिवशी माझा मुद्दा गाजला होता. दुकान बंद केलं म्हणून दारू बंद होत नाही, ती दुकानातून उठून घरात येते. परीक्षकांनीसुद्धा मान डोलावली होती.

माधव चहा फुंकत म्हणाला, "स्टेजवर तू कितीबी विरोधात बोल. गावात खरंच वेळ आली तर माझ्या बाजूनं उभी राहशील का न्हाई?"
"राहीन की. तू राहशील का?"
"म्या तर उभाच हाय."

या वाक्यावर मी दहा वर्षं विश्वास ठेवला. येडी ती मी.

पुढं मी गावातच अंगणवाडीत लागले. तोवर माझ्या मोठ्या भावानं देशी दारूच्या दुकानाच्या पायरीवरच मुक्काम टाकला होता. दिवस उगवला की तिथं.

एक दिवस वैनीनं पदर खोचला. बायकांच्या मतदानानं दुकान बंद करता येतं हे तिनं कुठूनतरी ऐकलं होतं. कागदावर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. यादीत जेवढ्या बाया, त्यातल्या निम्म्याहून जास्त बायांची मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत.
म्हणजे जी बाई घरी बसली, ती न जाता उभ्या बाटलीला मत देऊन मोकळी.

वैनी महिनाभर दारोदार फिरली. सह्या घेतल्या, अंगठे घेतले, शिव्या खाल्ल्या.

मतदानाआधी ग्रामसभा होती. वैनी म्हणाली, "ताई, माधवभाऊजीला बोलायला सांगा. तेंच्या आवाजाला गाव ऐकतंय." मीच त्याच्या घरी जाऊन सांगून आले. "येतो ना," म्हणाला.

आला. उभा राहिला. आवाज तोच.

"माय-बहिणींनो, दुकान बंद केलं म्हणून दारू बंद होत न्हाई. ती दुकानातून उठून तुमच्या घरात येती."

माझं वाक्य. मधे थांबायची जागासुद्धा माझी.

"आज तुमचा मालक पायरीवर पिऊन राहिला, उद्या लेकरायसमोर पिईल." हेही माझंच.
बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

वैनीनं मला कोपरानं ढोसलं. "ताई, बोला की."

मी उभी राहिले. अख्ख्या जिल्ह्यात जिला कोणी गप्प करू शकलं नव्हतं ती मी, आणि तोंडातून शब्द फुटेना. कोणाला खोडता येऊ नयेत असेच तर ते मुद्दे मी लिहिले होते. तशीच खाली बसले.

मतदानाच्या दिवशी बऱ्याच बाया घरातच राहिल्या. उभी बाटली उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर गाठलं त्याला. "काहून केलंस असं?"
हसला. "अगं, मुद्दे तर तुझेच व्हते. म्या फकस्त बाजू बदलली. स्पर्धेत बदलतात तशी."

पुढं दुकानवाल्याच्याच पॅनलमधून तो सरपंच झाला.
आणि चार वर्षांनी माझा भाऊ गेला. दारूनंच.

खरं सांगते, भावाच्या पिण्याचा मला कधी एवढा राग आला नाही. तो उघड पीत होता. फसवत तरी नव्हता.

आज या पोस्टला फोटो पाहिजे म्हणून कॉलेजचा जुना वार्षिकांक काढला. त्यात माधवचं वाशीमचं भाषण छापलंय. मी ते आज पहिल्यांदा वाचलं. स्टेजवर तो बोलायचा तेव्हा मी मान खाली घालून माझे मुद्दे लिहीत असायची. त्याचं कधी ऐकलंच नाही.

त्यात लिहिलंय:
"प्रतिकूल बाजू म्हणेल, दारू घरात येईल. येऊ द्या. दुकानात ती ताठ मानेनं बसते. घरात तिला लपून बसावं लागेल. आणि माझ्या घरात लपवलेली वस्तू माझ्या आईला सापडली नाही, असं आजवर झालेलं नाही."

माझ्या मुद्द्याचं उत्तर त्याच्याकडंच होतं.
ग्रामसभेत तो ते गिळून बोलला. आणि मला ते माहीत नव्हतं.

वैनीला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला तिचा.
"हे तवा कोनी बोललं असतं तर," एवढंच म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

अनुकूल, तुला भावपूर्ण श्रद्धांजली.

सरपंच माधवला अजून नाही.