मामांना चेहरा हवा होता

मामा चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना नाकातून विचारतात, "हे स्पष्ट दिसतं, की हेऽऽ?" आणि रविवारी तेच नाक घेऊन पक्षी बघायला जातात. पक्षी बघणं म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा हिरवा सदरा, तोफेएवढी लेन्स आणि सख्ख्या बायकोशीसुद्धा कुजबुज. "शूऽऽ, डिस्टर्ब होईल गं."

यंदा तलावाकाठच्या लव्हाळ्यात एका चिमुकल्या पक्ष्याने घरटं केलं. त्याच्या जातीचे आता बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. मामांच्या क्लबातल्या दाताच्या डॉक्टरला फोटोत त्याची नुसती शेपूट मिळाली होती. मामांना चेहरा हवा होता, तोही क्लबाच्या फोटो-प्रदर्शनाच्या आधी. नाहीतर भर हॉलमध्ये डॉक्टरच्या शेपटीला "वा, वा!" करावं लागलं असतं.

ताडपत्री, पाणी आणि मामांची फुशारकी वाहायला मामीला आणि मला नेलं होतं. घरट्यात पिल्लं होती, पण समोर लव्हाळ्याची पाती. मामांनी खिशातून कात्री काढली. "आडवं येतंय. जरा साफ करतो."

"अहो, तो आडोसा त्यांनी हौस म्हणून केलाय का?" मामी म्हणाली.

"फ्रेममधलं तुला काय कळतंय?"

पाती कापून मामा ताडपत्रीमागे बसले. मादी चोचीत किडा घेऊन आली. उघडं पडलेलं घरटं बघून बिचकली, नुसतीच घिरट्या घालत राहिली. "ये गं माझी राणी, ये," मामा पाघळले. हा सूर मामीने लग्नातही ऐकला नसेल.

राणीच्या आधी कावळा आला. त्यालाही आता सगळं स्पष्ट दिसत होतं.

मामी ताडकन उठली. "अहो, हाकला त्याला!"

मामांनी हात धरून तिला खाली ओढलं. "शूऽऽ! डिस्टर्ब होईल."

"कोण? कावळा?"

मामांचा डोळा कॅमेऱ्याला. नुसतं खटखटखट. मादी चोच उघडून कावळ्याच्या अंगावर धावली आणि मामांना हवा तो चेहरा मिळाला, अगदी डोळ्यातल्या चमकेसकट. कावळ्याने सगळी पिल्लं नेली. मी ओरडले, तेव्हा घरटं रिकामं झालं होतं.

प्रदर्शनात फोटो दारासमोरच लागला. नाव 'आई'. डॉक्टरची शेपूट जिन्याखाली गेली. मामी आलीच नाही. फोटोपुढे डोळे पुसणाऱ्या बायकांना मामा मान तिरकी करून, आवाज अर्धी पट्टी खाली आणून सांगत होते, "काय करणार ताई, निसर्ग फार क्रूर असतो हो."