नवसाचं जावळ

दूध वाळून ताठरलेल्या कापडाचा आंबूस वास नाकाशी आला, की नेरुळच्या त्या इस्पितळातली भाद्रपदातली दुपार अजूनही माझ्यापुढे उभी राहते. खिडकीपलीकडे ओहोटी लागलेली खाडी, चिखलावर पसरलेलं पांढुरकं ऊन, आणि काचेच्या आत माझा महिनाही न भरलेला मुलगा, ज्याने आदल्या दिवसापासून दूध ओढणंच सोडलं होतं. ‘किती गुणी बाळ, रडत नाही मुळी,’ असं बघायला आलेल्या बायका म्हणत होत्या. अहो, कसलं गुणी! रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता आणि रडायला त्याच्यात त्राणच उरलं नव्हतं.

अँटिबायोटिक शिरेतूनच द्यायचं होतं. सकाळी हातात बसवलेली सुई निसटली आणि तो इवलासा हात सुजला. मग दुसरा हात, मग पाय. शीर सापडे आणि हरवे. पुढच्या डोसाची वेळ टळत चालली तसा माझा जीव टांगणीला लागला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं, कानशिलाच्या जरा वर थांबल्या आणि नर्सला म्हणाल्या, “इथले केस काढा.”

ते जावळ माझ्या सासूबाईंनी देवीला बोललेलं होतं. त्यांचा सगळा जन्म सारसोळ्याच्या कोळीवाड्यात गेलेला. मी ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, नवससायासांना नाक मुरडणारी. वर्षाचा झाला की देवीच्या दारात जावळ उतरवायचं, तोवर पातं लागता कामा नये, असं त्यांनी बजावलं तेव्हा मी नवऱ्याकडे पाहून डोळे मिचकावले होते. आता त्या अडून बसणार, या धास्तीने मी भांडायच्याच तयारीत होते. पण नर्सच्या हातातलं पातं त्या मऊ, काळ्याभोर केसांशी आलं आणि काय झालं देव जाणे, “नको!” हा शब्द माझ्याच तोंडून निसटला. “नवसाचं आहे ते.”

नर्सने पातं मागे घेतलं. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. “पोर हाय तं नवस हाय,” त्या मला म्हणाल्या, आणि नर्सकडे वळून, “कर गो बाय तुजा काम. देवीला काय सांगायचा ता मी बगीन.”

केसांचा झुबका गादीवर पडला. सुई एकदा चुकली, पुन्हा चुकली, मग नळीत रक्ताचा थेंब चढला आणि औषध सावकाश आत जाऊ लागलं. त्याने फक्त ओठ वाकडे केले. “आता वाट बघायची,” असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर पाठवलं.

जिन्याजवळच्या खिडकीशी सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. मघाचा करारीपणा कुठल्या कुठे गेला होता. पदराचा बोळा तोंडाशी धरून, शेजारणीशी हुज्जत घालावी तशा हलक्या आवाजात त्या देवीशी बोलत होत्या. “कोपायचा तं माज्यावर कोप. त्याच्यावर नको. मीच कापाला लावलंय.”

ज्या देवीचं तोंडही मी कधी नीट पाहिलं नव्हतं ती ऐकते की नाही, याचा विचार करायला त्या क्षणी मला सवड नव्हती. मी त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी राहिले आणि म्हणाले, “दोघींवर.”